घर जरा पुढे घ्या

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं खरं, पण विंचवाला पाण्याची टाकी भरावी लागत नाही, संडासाची टाकी रिकामी करावी लागत नाही आणि त्याची बायको सकाळी उठून ‘आज मुक्काम कुठे?’ असं विचारत नाही. माणसानं बिऱ्हाड पाठीवर घेतलं की हे तिन्ही प्रश्न रोज चहाबरोबर समोर येतात. त्यांची उत्तरं किती आधी तयार ठेवायची, यावरून माझ्या ताईत आणि भाऊजींत गेली काही वर्षं प्रेमळ यादवी चालू आहे.

भाऊजी सरकारी खात्याच्या नियोजन शाखेतून निवृत्त झाले. पूल आणि रस्ते कधी पुरे होतील याच्या तारखा ठरवण्यात त्यांची हयात गेली. पूल आणि रस्त्यांनी त्या तारखा कधीच मनावर घेतल्या नाहीत, त्यामुळे नियोजनाची त्यांची भूक तशीच राहून गेली. निवृत्तीनंतर त्यांनी पुण्यातला फ्लॅट भाड्यानं दिला, एक लांबोळकी प्रवासी गाडी घेतली, तिच्यात पलंग, शेगडी, फ्रीज, बेसिन, छतावर सोलर आणि मागच्या कोपऱ्यात कॅसेटचा संडास बसवून घेतला आणि ताईला घेऊन ते रीतसर रस्त्यावर आले. नातेवाइकांत बातमीही नेमकी याच शब्दांत फिरली. दोन मावश्या तर मदत म्हणून पैसे पाठवायला निघाल्या होत्या.

गाडीची वास्तुशांत झाली. गुरुजींनी विचारलं, “पूर्व कुठली?” भाऊजी म्हणाले, “आत्ताची सांगू की चौकातून वळल्यानंतरची?” बँकेच्या फॉर्मवर ‘कायमचा पत्ता’ या रकान्यात त्यांना गाडीचा नंबर लिहावासा वाटतो. ‘सध्याचा पत्ता’ विचारला की ते खिडकीतून बाहेर बघून सांगतात.

आता इतक्या मोकळ्या संसाराला नियोजन कशाला, असं तुम्हाला वाटेल. ताईलाही तेच वाटतं. भाऊजींचं म्हणणं नेमकं उलटं. घर जागेवर असलं की विसरलेली कोथिंबीर कोपऱ्यावरून आणता येते. घरच हलत असेल तर कोपरा कुठला? म्हणून त्यांनी एक्सेलमध्ये एक शीट केलं आहे. त्यात तारीख, अंतर, सूर्यास्त, पाणी, डिझेल, पंक्चरवाला, डॉक्टर आणि ‘शेरा’ असे रकाने आहेत. १२० लिटरच्या टाकीतलं पाणी दोन माणसांना किती दिवस पुरेल, हे आंघोळीच्या तांब्यांपर्यंत मोजलेलं आहे. त्यांच्याकडे राहायला जाणारा पाहुणा चौथा तांब्या घ्यायला लागला की बाहेरून टकटक होते.

अमेरिकेत अशा फिरत्या बिऱ्हाडांची मोठी जमात आहे आणि त्यांच्यात ३-३-३ असा एक नियम चालतो: दिवसात ३०० मैलांपेक्षा जास्त हाकायचं नाही, दुपारी ३ च्या आत मुक्कामी पोचायचं आणि एका जागी निदान ३ दिवस राहायचं. भाऊजींच्या पुतण्यानं टेक्सासहून हा नियम कळवला आणि भाऊजींनी तो लॅमिनेट करून फ्रीजवर लावला. ३०० मैल म्हणजे सुमारे ४८० किलोमीटर. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि रखडत राहिलं. त्या महामार्गावर हा नियम पाळायचा, तर ‘दिवस’ या शब्दाची व्याख्या सैल करावी लागते. भाऊजींनी तीही केली. कोकणासाठी त्यांनी १००-३-३ असा कोकणी पाठभेद काढला.

महामार्ग टाळायचा एक उपायही त्यांच्या शीटमध्ये आहे. कोकण रेल्वे १९९९ पासून मालाचे ट्रक वाघिणींवर चढवून नेते. २०२५ च्या गणपतीत तिनं कोलाड ते वेर्णे अशी मोटारींसाठीही सोय काढली. अट अशी होती, की निदान १६ गाड्या जमल्या नाहीत तर फेरी रद्द. आपल्या नियोजनात आणखी पंधरा अनोळखी कुटुंबांचं नियोजन गुंतलेलं! शिवाय मोटार वाघिणीवर आणि माणसं डब्यात. भाऊजींचा शेरा होता: ‘घर स्वतंत्र प्रवास करणार. विचाराधीन.’ ताईचा त्याखाली पेन्सिलीनं शेरा होता: ‘घरच्यांनाही अधूनमधून असाच हवा.’

राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या कुठे उभ्या कराव्यात, तिथे पाणी, वीज, स्वच्छतागृह काय असावं, असा सगळा विचार त्यात आहे. धोरणाची प्रत भाऊजींच्या गाडीत देव्हाऱ्याशेजारी असते. मुक्काम मात्र त्यांना बहुतेक वेळा देवळाच्या पटांगणात, पेट्रोलपंपाच्या कडेला किंवा ओळखीच्यांच्या आंब्याखाली करावा लागतो. धोरण आणि आंबा यांत सावली देण्याच्या बाबतीत अजून आंबा पुढे आहे.

मी त्यांना रत्नागिरीजवळच्या हातखंबा तिठ्यावर गाठलं. मार्गशीर्ष महिना, हवा छान, आणि शीटमध्ये बुधवारच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘मिरकरवाडा. मासे.’ शेऱ्यात फक्त ‘मनसोक्त.’

मिरकरवाडा म्हणजे रत्नदुर्गाच्या कुशीतलं रत्नागिरीचं मोठं मासेमारी बंदर. आधी वास भेटतो, मग बोंबलणारे कावळे आणि घारी, मग मांजरं आणि शेवटी समुद्र. मांजरं अशी सुखवस्तू, की पडलेला बांगडा हुंगून पुढे जातात. बोटी एकीला एक खेटून, झेंडे-पताका लावलेल्या, नावं देवांची, पिरांची, आयांची आणि मुलांची. धक्क्यावर जाळ्यांचे निळे-हिरवे डोंगर, त्यात बसून फाटकी जाळी शिवणारी माणसं, पाणी गाळत उभी असलेली बर्फाची वाहनं, आणि या सगळ्यातून वाट काढत आमचा लांबुडका संसार.

गाडी उभी करायची जागा भाऊजींनी उपग्रहाच्या छायाचित्रावरून हेरून ठेवली होती. सपाट, रिकामी, समोर पाणी. संध्याकाळी ती खरोखरच रिकामी होती. भाऊजींनी स्पिरिट लेव्हल लावून गाडी समपातळीत आणली, चाकांखाली ठोकळे सरकवले, चांदणी ताणली, खुर्च्या मांडल्या आणि विजयी मुद्रेनं विचारलं, “काय खायचं? सुरमई, पापलेट, की कोळंबीपासून सुरुवात?”

ताई आतून म्हणाली, “साबुदाण्याची खिचडी.”

“का?”

“आज संकष्टी.”

भाऊजींनी शीट उघडलं. सूर्यास्त होता, वाऱ्याचा वेग होता, पंक्चरवाला होता. तिथी नव्हती. चंद्रोदय होईपर्यंत आम्ही तिघं कोकणातल्या एका नामांकित मत्स्यबंदरावर, चारी बाजूंनी मासे असताना, शेंगदाण्याच्या कुटाच्या वासात बसून होतो. बाजूच्या बोटीवर खलाशी कांद्यावर काहीतरी परतत होते. भाऊजींनी त्या दिशेची काच लावून घेतली.

“हरकत नाही,” ते म्हणाले. “उद्या दुपारी.”

“उद्या मार्गशीर्षातला गुरुवार,” ताई म्हणाली. “घट मांडायचाय. नारळ घेतलाय मी पालीला.”

पहाटे चारच्या सुमारास गाडीच्या पत्र्यावर थापा पडल्या. बाहेर दिवे, आरडाओरडा, टेम्पोंचे हॉर्न, बर्फ फोडायच्या यंत्राचा कडकडाट. भाऊजींची रिकामी, सपाट जागा म्हणजे मासळी उतरवायच्या गर्दीचं ऐन मध्य होतं. उपग्रहानं फोटो दुपारी काढला असावा. दार उघडलं तर एक पोरगा डोक्यावर टब घेऊन उभा.

“ओ काका, घर जरा पुढे घ्या!”

भाऊजी लुंगीवर स्टिअरिंगला बसले. ठोकळे काढले, चांदणी गुंडाळली, ताईनं रात्री विरजण लावलेलं पातेलं मांडीवर धरलं. घर पन्नास हात पुढे गेलं. तिथे दुसरा म्हणाला, मागे घ्या. मग एका बाईनं, जिच्यापुढे अख्खा लिलाव चळचळा कापत होता, हात वर करून एका भिंतीकडे बोट दाखवलं, आणि आमचं घर तिथे जे लागलं ते लागलं. स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. भाऊजींनी तो प्रश्न सोडून दिला.

उजाडल्यावर आम्ही धक्क्यावर गेलो. एका ट्रॉलरवर निघायची तयारी चालली होती आणि भाऊजी बघत राहिले. ते बिऱ्हाडच होतं! पाण्याचे निळे पिंप, गॅसची टाकी, शेगडी, तांदळाचं पोतं, कांदे-बटाटे, गाद्यांच्या वळकट्या, दोरीवर वाळत टाकलेले टॉवेल आणि केबिनमध्ये अगरबत्तीसह देवाची तसबीर. सात-आठ माणसं, चार-पाच दिवस समुद्रावर, संडासाला अख्खा अरबी समुद्र. त्या शेवटच्या सोयीकडे भाऊजींनी जरा हेव्यानं बघितलं.

“तुम्ही निघायच्या आधी काय काय ठरवता?” त्यांनी शेजारच्या बोटीच्या तांडेलाला, म्हणजे कप्तानाला, विचारलं आणि खिशातून वही काढली.

तांडेल साठीचा, पांढरी दाढी, तोंडात बिडी. त्यानं आधी आमच्या घराकडे बघितलं. “ता तुमचाच काय? चांगला हाय. तळाला गळतं काय?”

“नाही.”

“मग झाला तर.” त्याच्या मते निम्मं नियोजन तिथेच संपलं होतं. उरलेलं त्यानं बोटांवर सांगितलं: बर्फ, डिझेल, गोडं पाणी, तांदूळ, कागदपत्रं, हवेचा अंदाज. खलाशी किती आणि त्यातला शहाणा कोण.

“परत कधी यायचं, ते?”

“बर्फ सांगतो.”

भाऊजींची पेन्सिल थांबली. तांडेलानं समजावलं. मासा लवकर भरला तर लवकर यायचं. नाही भरला, तर बर्फ पुरेल तोवर राहायचं. बर्फ संपल्यावर मासा पकडून उपयोग काय? आणि डिझेल अर्धं झालं, की मासा असो-नसो, तोंड बंदराकडे.

“आणि जाळं कुठे टाकायचं?”

“ता हितं बसून कसा ठरवायचा? पानी बगल्यावर.”

भाऊजी शांत झाले. त्यांच्या शीटमध्ये पाणी किती तांबे हे होतं आणि पुढच्या फेब्रुवारीत कुठल्या किल्ल्यावर सूर्यास्त बघायचा हेही होतं. या माणसाच्या शीटमध्ये दुसरा रकानाच नव्हता.

तेवढ्यात एका खलाशानं आमच्यापुढे चहा धरला. या बंदरावर बोटींवर काम करणारे बरेच तरुण नेपाळचे. हा पोरगाही डोंगरातला, लहानपणी समुद्र न बघितलेला, आणि आता ‘भरती किती वाजता?’ या माझ्या प्रश्नावर अस्सल रत्नागिरी हेल काढून म्हणाला, “तिथी बगा ना वो.”

कोकणात भरतीचं गणित तिथीवर चालतं: तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती भरतीची ढोबळ वेळ. ताई शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकलेली. “काल चतुर्थी. चार पाऊण तीन. पहाटे तीनला भरली असणार,” ती ताडकन म्हणाली. “आज पंचमी. पावणेचार.” तांडेलानं बिडी काढून तिच्याकडे आदरानं बघितलं. चांद्रमासाच्या हिशेबात भरती रोज पाऊणएक तासानं पुढे सरकते, तेच हे गणित. भाऊजींनी शीटमध्ये तिथल्या तिथे नवा रकाना घातला: ‘तिथी.’ लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ताईला अखेर त्या शीटमध्ये एक रकाना मिळाला.

मग माशांचा प्रश्न पुन्हा निघाला. बुधवारी संकष्टी गेली, गुरुवारी घट. भाऊजी म्हणाले, शुक्रवारी नक्की. तांडेल म्हणाला, “शुक्रवारी आमची बोट बंद. नमाज. शनवारी या, घरी जेवा.” ताई म्हणाली, “शनिवारी यांचा मारुती.” थोडा वेळ सगळे आपापल्या देवांचा विचार करत उभे राहिले. शेवटी तोडगा नेपाळी खलाशानं काढला. “रविवारी या. रविवारी कोनाचा काय नस्ता.”

रविवारपर्यंत थांबायचं! मग पुढच्या मुक्कामाचं, गणपतीपुळ्याचं काय? भाऊजींनी शीटकडे बघितलं, शीटनं भाऊजींकडे. तीन दिवस राहण्याचा अमेरिकेतला नियम आपल्या मार्गशीर्षानं असा सक्तीनं पाळून घेतला. फ्रीजवरच्या त्या नियमाचं खरं कारण मला तेव्हा दिसलं. रोज हलणारं घर हे घर राहत नाही, ती एसटी होते. दुसऱ्या दिवशी वाणी ओळखतो, तिसऱ्या दिवशी मांजर ओळखते.

मधल्या दिवसांत आम्ही रत्नागिरी बघितली. मुद्दाम ठरवून नव्हे, कॅसेट रिकामी करायची जागा शोधत. या कॅसेटबद्दल फिरत्या बिऱ्हाडांच्या सुंदर सुंदर चित्रफितींत कोणी फार बोलत नाही, म्हणून सांगतो. ती साधारण २० लिटरची, चाकांची आणि दांड्याची पेटी असते, दिसायला विमानप्रवासाच्या बॅगेसारखी, आणि दोन माणसांना दोन-तीन दिवसांत भरते. ती ओढत भाऊजी एका सार्वजनिक स्वच्छतागृहात शिरले, तेव्हा तिथला माणूस म्हणाला, “सामान बाहेर ठेवा, मी बघतो.” भाऊजींनी हे सामान बाहेर ठेवण्यासारखं का नाही, हे त्याच्या कानात सांगितलं. त्यानं तिप्पट पैसे घेतले आणि नमस्कार केला. सूर्यास्ताच्या जागा आधी ठरवल्या नाहीत तरी सूर्य मावळतो. कॅसेटचं तसं नाही.

थिबा राजवाडाही बघितला. ब्रह्मदेशचा राजा थिबा याचं राज्य इंग्रजांनी १८८५ साली घेतलं आणि १८८६ मध्ये त्याला राण्यांसह रत्नागिरीला आणून ठेवलं. हा वाडा पुरा व्हायला १९१० साल उजाडलं. तोवर राजा दुसऱ्यांच्या बंगल्यांत राहिला, आणि १९१६ मध्ये इथेच वारला. पूर्वतयारीशिवाय निघालेलं आणि तीस वर्षं लांबलेलं असं बिऱ्हाड रत्नागिरीनं दुसरं पाहिलं नसेल. भाऊजी हळहळले. एका बांधकामाची तारीख इतकी पुढे गेली, हे त्यांना आतून समजलं.

मिऱ्याच्या किनाऱ्याची गोष्ट तांडेलानं सांगितली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज तिथल्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर येऊन आदळलं. खलाशी सुखरूप उतरले; जहाज तिथेच रुतलं आणि वर्षानुवर्षं लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढत राहिले. “फुकट पार्किंग,” भाऊजी पुटपुटले. तांडेल हसला नाही. म्हणाला, “हवा सांगितलेली असती ती आयकायची. त्यात प्लान नाय करायचा.” १ जून ते ३१ जुलै बोटी सरकारी बंदीनं किनाऱ्यावर असतात, त्या ६१ दिवसांत कोणी ‘बघू, जमलं तर जाऊ’ म्हणत नाही. मासळीचा थवा घेरणाऱ्या पर्ससीनच्या जाळ्यांना तर १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुदत. समुद्रावर मनमौजी दिसणारा हा धंदा खाली बघितला तर पंचांग, सरकारी आदेश आणि हवामान खातं अशा तीन खिळ्यांवर ठोकलेला आहे. मधलं कापड तेवढं फडफडतं.

रविवार उजाडला. शीट, संकष्टी, घट, नमाज आणि मारुती यांपैकी कोणीही आड आलं नाही. आड आलं कोल्हापूर. आंबा घाट उतरून गाड्याच गाड्या, आणि धक्क्यावर सुरमईचा भाव असा, की भाऊजींनी वर्षाच्या डिझेलचा रकाना उघडून बघितला. एक गृहस्थ तर मासा विकत घेण्याआधीच त्याच्याबरोबर फोटो काढून घेत होते. आम्ही परत फिरणार, तोच तांडेलाचा पोरगा आला. घरी जेवायला बोलावलं होतं. बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण, तांदळाची भाकरी, तळलेली म्हाकुलं. भाऊजी मनसोक्त जेवले. शेऱ्याप्रमाणेच.

निघताना ताईनं डब्यात शेंगदाण्याचे लाडू दिले आणि तांडेलाच्या बायकोनं सुक्या बांगड्यांची पुरचुंडी. ती पुरचुंडी आत आल्यापासून भाऊजींच्या घराला पत्ता लागत नाही. कुठेही उभं केलं तरी लोकांना वासावरून कळतं. गणपतीपुळ्याला देवळाबाहेर गाडी लावताना तर भाऊजींना ती पुरचुंडी नेमकी कुठे लपवावी, याचं स्वतंत्र नियोजन करावं लागलं.

त्यानंतर शीट आटोपशीर झालं आहे. पुढच्या फेब्रुवारीतले सूर्यास्त गेले, किल्ले गेले, ‘मनसोक्त’ही गेलं. राहिलं ते असं: पाणी किती, कॅसेट कुठे, डिझेल अर्ध्यावर आल्यावर पंप कुठे, आज रात्री उभं कुठे राहायचं आणि ते अंधाराआधी कोणाला विचारायचं, हवा काय म्हणते, तिथी कोणती. एवढं आधी ठरवायचं, कारण यातली एकही गोष्ट ऐन वेळी उसनी मिळत नाही. बाकीचं, म्हणजे कुठे रमायचं, किती दिवस रमायचं, कोणाच्या घरी जेवायचं, हे आधी ठरवता येत नाही. ठरवलं तर रविवारी कोल्हापूर येतं.

तेव्हा घर पाठीवर घेऊन निघायचा तुमचा बेत असेल, तर जरूर निघा. नकाशा फोनमध्ये असतोच. भिंतीवरचं कॅलेंडर मात्र सोबत घ्या. आणि कोणत्याही बंदरावर सपाट, रिकामी, पाण्यासमोरची जागा दिसली, तर ठोकळे लावायच्या आधी एखाद्या स्थानिकाला विचारा, पहाटे चारला इथे काय असतं.